नंतरच्या गल्लीतली भुई

ताई वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. पण संस्थेत सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. ती मला मिस्त्री म्हणायची. मी गवंडी. आयुष्यभर कोबा घातला.

लोकांना वाटतं, कोबा म्हणजे सिमेंट ओतलं आणि सपाट केलं. तसं नसतं. आधी घरातली माती खणून काढायची. दगडाची भर घालायची. मग चोपायचं, खांदे निखळतील असं वाटेपर्यंत चोपायचं. त्यावर खडी-सिमेंट, मग पट्टी फिरवायची, मग थापीने गुळगुळीत घोटाई. घोटाई गुडघ्यांवर बसून, मागे मागे सरकत करायची असते. दारातून बाहेर पडताना आपल्या पायाचा ठसा मागे राहिला नाही, तर काम झालं. त्यानंतर पाणी मारायचं, रोज, कंटाळा न करता. बरेच जण इथेच आळस करतात. मग कोबा तडकतो. दुसऱ्याने घातलेला तडकलेला कोबा बघितला तरी मला अजून चिडायला होतं.

हे आधी सांगितलं, कारण ताईची गोष्ट कोब्याची आहे. तिची आणि तिच्या आईची.

आमची संस्था वस्तीतल्या घरांत मातीच्या भुईच्या जागी कोबा घालून द्यायची. त्यामागची समजूत साधी होती. मातीच्या भुईवर मूल रांगतं, माती तोंडात घालतं, पोटात जंत होतात, हगवण लागते. कोबा केला की हे थांबेल. संस्थेच्या दारावर तसं चित्रही होतं. चकचकीत कोब्यावर एक गुटगुटीत बाळ. ताईचं काम वस्तीवर फिरण्याचं. कुठल्या घरी काम चालू, कुठे अडलं, घातलेला कोबा लोक कसा वापरतात, हे तिने बघायचं. ती त्याच वस्तीत वाढलेली. तिची आई अजून तिथेच राहायची, गिरणीच्या मागच्या गल्लीत.

ताईला एक खोड होती. कुणी काही ठामपणे बोललं की ती विचारायची, "कशावरून?" भांडणाच्या सुरात नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. आमच्यात एक दाढीवाला होता, खडी कालवायचा. त्याने तिचं नाव 'कशावरूनताई' पाडलं होतं. तो म्हणायचा, "मी उद्या मेलो तर सगळे रडतील, आणि ही विचारेल, मेला हे कशावरून?" ताई यावर सगळ्यांत मोठ्याने हसायची.

शनिवारी दुपारी काम लवकर सुटायचं. मालाच्या खोलीत आम्ही थाप्या, पट्ट्या, घमेली धुऊन ठेवायचो. त्या वेळी ताई एक कागदाची चळत घेऊन यायची आणि सिमेंटच्या गोणीवर बसायची. कुठल्या तरी देशात कुणी तरी केलेलं संशोधन. कुठे चुलींवर, कुठे मच्छरदाण्यांवर, कुठे शाळेतल्या जेवणावर. ती ते स्वतः वाचून यायची आणि आम्हाला आमच्या बोलीत सांगायची. वरच्या खोलीतले शिकलेले लोक त्या कागदाचं पहिलं पान वाचायचे. ताई शेवटचं पान आधी वाचायची. म्हणायची, "आपलं काय चुकलं असू शकेल, ते लोक शेवटी लिहितात. तिथे माणूस भेटतो."

दाढीवाल्याला धीर नसायचा. "ताई, शेवटाला काय झालं तेवढं सांगा. नायक मेला की लग्न झालं?"

"या गोष्टीत नायक नसतो," ताई म्हणायची. "सरासरी असते."

"मग ती तरी मेली का?"

आम्ही खो खो हसायचो, पण हात धुऊन झाले तरी उठायचो नाही. आमच्या कामाला एक 'का' आहे, आणि तो आम्हालाही सांगण्यासारखा आहे, असं आम्हाला तिच्यामुळे वाटायला लागलं. त्याआधी आम्हाला फक्त 'कुठे' आणि 'कधीपर्यंत' सांगितलं जायचं.

असंच एका शनिवारी तिने स्वतःलाच विचारलं, "आपण इतकी वर्षं कोबा घालतोय. त्याने मुलं खरंच कमी आजारी पडतात, हे कशावरून?"

दाढीवाला दाराकडे बोट करून म्हणाला, "ते काय बाळ बसलंय!"

त्या बाळाने तिचं समाधान झालं नाही. ती मोठ्या सरांच्या मागे लागली. मोठे सर म्हणजे संस्थेचे प्रमुख, माणूस चांगला, पण कायम देणगीदारांच्या चिंतेत. त्यांना हे नको होतं. "चांगलं चाललंय ते खणून कशाला बघायचं?" असं म्हणाले. ताई महिनोन् महिने मागे लागली. शेवटी दुसऱ्या गावाहून एक चष्मेवाले संशोधक आले. मृदू बोलणारे, आमच्याबरोबर जमिनीवर बसून डबा खाणारे. त्यांनी सांगितलं, वस्तीतल्या अर्ध्या गल्ल्यांना कोबा आत्ता घालायचा आणि अर्ध्यांना नंतर. दोन्हीकडची मुलं तपासत राहायचं. फरक पडला तर तो कोब्याचा. कुठल्या गल्ल्या आत्ता आणि कुठल्या नंतर, हे कुणी ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या.

चिठ्ठ्या माझ्या घमेल्यात टाकल्या. मी ते चांगलं घासून आणलं होतं. सगळी वस्ती जमली होती, आणि लोकांनी हट्ट धरला. "बाहेरच्या माणसाने चिठ्ठ्या काढायच्या नाहीत. ताईने काढायच्या. ती आमच्यातली आहे."

ताईने हात घातला. एकेक गल्लीचं नाव वाचत गेली. वाचलेलं नाव म्हणजे आत्ता. उरलेल्या नंतर. तिचा हात शेवटी शेवटी घमेल्यात जास्त वेळ राहायला लागला, हे मी बघितलं, कारण घमेलं मीच धरलं होतं. शेवटची चिठ्ठी वाचून झाली. गिरणीमागची गल्ली आली नाही.

तिची आई गर्दीत पुढेच उभी होती. उंच, हडकुळी बाई. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं झालं गं. नाहीतर म्हणाले असते, आईची चिठ्ठी मुडपून ठेवली होती!"

लोक हसले. ताईही हसली. पण त्या बाईला कोब्याची किती आस होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

मी तिला मावशी म्हणायचो. तिचा नवरा लवकर गेला. बाटल्या धुण्याच्या कारखान्यात तिने उभा जन्म काढला. दिवसभर हात पाण्यात आणि घरी आलं की मातीत. मातीची भुई जिवंत असते, तिला रोज काहीतरी लागतं. कुठे खळगा पडतो, कुठे पोपडा निघतो, कुठे उंदीर उकरतो. चिकणमाती भिजवायची, मळायची, हाताने सारवायचं, वाळेपर्यंत पोरांना बाहेर ठेवायचं. आठ दिवसांत पुन्हा तेच. ताई पहिली अक्षरं त्या ओल्या भुईवर बोटाने शिकली. मावशी ती पुसून सारवायची आणि म्हणायची, "वाळायच्या आत पुढचं लिही."

मावशी मला एकदा म्हणाली होती, "मिस्त्री, मी जन्मात जे जे केलं ना, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागलं. धुतलेल्या बाटल्या पुन्हा घाण होऊन आल्या. सारवलेली भुई पुन्हा उखडली. एक गोष्ट अशी हवी, जी एकदा झाली की झाली. तिच्याकडे नुसतं बघत बसायचं."

म्हणून चिठ्ठ्यांनंतर काही दिवसांनी मीच ताईला म्हणालो, "रविवारी मी आणि दाढीवाला येतो. उरलेला माल आहे. तुमच्या आईची खोली ती केवढीशी! कुणाला कळणारही नाही."

ती म्हणाली, "मला कळेल ना, मिस्त्री."

"एका खोलीने काय बिघडतंय?"

"आज एक, उद्या तिची शेजारीण. मग 'नंतर' असं काही उरतच नाही. मग आपण काय शोधतोय?" मग म्हणाली, "आईला मीच समजावलंय. दोन्हीकडची मुलं तपासणार, फरक बघणार, मग तुमची पाळी. तिने मान डोलावली. पटलं तिला."

मावशीला पटलं होतं खरं. पण काय पटलं होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

'आत्ता'च्या गल्ल्यांत आम्ही कोबा घातला. चांगला घातला. एकही तडकला नाही. पाणी मारायला मी स्वतः फिरायचो. संशोधकांनी नेमलेल्या मुली घरोघर जाऊन आयांना विचारायच्या, मुलांची तपासणी करायच्या. त्या वेळात मी कितीदा तरी गिरणीमागच्या गल्लीवरून गेलो. मावशी दारात बसलेली असायची. "मिस्त्री, आमच्या पाळीपर्यंत हात शाबूत ठेवा हं," म्हणायची. तिने खोलीतली एकुलती एक लोखंडी पेटी विटांवर उचलून ठेवली होती. काम निघेल तेव्हा हलवायला सोपी जावी म्हणून. पेटी तशीच विटांवर राहिली, वर्षामागून वर्षं.

शेवटी संशोधन संपलं. एका शनिवारी चष्मेवाले संशोधक मालाच्या खोलीत आमच्यासमोर बसले. ताईनेच त्यांना सांगितलं होतं, ज्यांनी कोबा घातला त्यांना आधी सांगा. ते म्हणाले, "दोन्हीकडची मुलं जवळजवळ सारखीच निघाली. आजार दोन्हीकडे कमी झालेत."

दाढीवाल्याने विचारलं, "कमी झाले म्हणजे चांगलंच की?"

"चांगलंच. पण ते कोब्यामुळे झालं, असं म्हणता येत नाही. जिथे कोबा नव्हता तिथेही तेवढेच कमी झाले."

"मग आम्ही इतकी वर्षं काय गुडघे फोडले?" दाढीवाला हे हसत बोलला नाही.

संशोधक म्हणाले, "तिकडे का कमी झाले, ते मला कळत नाही. कळलं तर मी लिहीन."

ताईने फक्त मला सांगितलं, "सोमवारी माप घ्यायला चला. फरक निघो न निघो, शब्द दिलाय. नंतरच्या गल्ल्यांचं काम करायचंच."

सोमवारी मी मोजपट्टी घेऊन मावशीच्या खोलीत गेलो. ताई बरोबर होती. खोलीत शिरताना मावशीने दारात पाण्याचा तांब्या पुढे केला. "पाय धुवा आधी."

"अहो मावशी, आता उखडायचीच आहे भुई."

"उखडेपर्यंत तरी धुवा."

मी पाय धुतले आणि मोजायला बसलो. भुई अशी घट्ट होती की नख रुतेना. कोपरे गोल करून घेतलेले, कुठे धुळीचा कण नाही. इतकं मन लावून केलेलं काम मी फार थोडं बघितलंय.

मावशीने लेकीला विचारलं, "काय झालं परीक्षेचं?"

"कसली परीक्षा, आई?"

"तुमचीच. पोरं तपासत होतात ना? आमच्याकडची किती निघाली आजारी?"

"फारशी नाहीत. तिकडच्याएवढीच."

मावशीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. तिचा चेहरा असा फुलला की मला ती एकदम तरुण दिसली. "म्हणजे पास! मी सांगितलंच होतं सगळ्या बायकांना."

ताई हळूच म्हणाली, "काय सांगितलं होतंस?"

"अगं, तूच म्हणालीस, दोन्हीकडची पोरं तपासणार. घमेल्यातून चिठ्ठी तू काढलीस. उद्या तुझ्याच गल्लीतली पोरं जंतांनी भरलेली निघाली असती, तर तुला कुणी काय म्हटलं असतं? मी काय हातावर हात ठेवून बसणार होते? घरोघर गेले. भुई दोनदा झाडायची, सारवण चुकवायचं नाही, चपला बाहेर, पोरांचे पाय उंबऱ्याशी धुवायचे, घाण दिसली की तिथल्या तिथे उचलायची. जिने टाळाटाळ केली तिची भुई मी जाऊन सारवली, लाजून ती दुसऱ्या दिवशी स्वतः बसली."

"फक्त आपल्या गल्लीत?"

"छे! नंतरच्या सगळ्या. माझ्या कारखान्यातल्या बायका आहेत ना तिकडे. त्यांना म्हटलं, कोबावाल्यांपेक्षा आपण कुठे कमी आहोत, दाखवून देऊ या."

ताई खाली बसली. भुईवर तळवा टेकून बसून राहिली. मी मोजपट्टी गुंडाळली. काय झालं ते मला कळायला जरा वेळ लागला, पण कळलं. जिथे काहीच करायचं नव्हतं, तिथे या बाईने सगळं केलं होतं. लेकीसाठी. आणि त्यामुळेच फरक निघाला नव्हता.

"काय गं?" मावशी म्हणाली. "चुकलं का माझं?"

ताई म्हणाली, "नाही आई. पोरं बरी राहिली."

त्याच आठवड्यात मोठ्या सरांनी बैठक घेतली. मालाचा अंदाज सांगायला मलाही बोलावलं होतं. ताईने जे कळलं ते सगळं सांगितलं. संशोधक मान खाली घालून लिहीत होते. सरांनी कपाळाला हात लावला.

"ताई, देणाऱ्यांना मला एका ओळीत सांगावं लागतं. 'फरक नाही' या ओळीवर पुढचा पैसा येणार नाही. पण दुसरी एक ओळ आहे. कोब्याच्या घरांत आधी किती आजार होते आणि नंतर किती, तेवढंच दाखवू. कमी झालेत की नाही?"

"झालेत."

"मग यात खोटं काय? दुसऱ्या गल्ल्यांचं नाव काढायचं नाही, बस. पैसा येईल, त्यातून नंतरच्या सगळ्या गल्ल्यांना कोबा मिळेल. तुमच्या आईलाही."

माझ्या मनात आलं, म्हण हो. मी उद्याच चोपायचा धुम्मस घेऊन तुझ्या आईकडे जातो. मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तिला ती विटांवरची पेटी दिसत होती.

ती म्हणाली, "सर, ओळ एकच लिहा, पण खरी लिहा. आपण कोब्याने मुलं बरी होतात म्हटलं, तर दुसरीकडे कुणीतरी कोबा घालेल आणि पोरांचे पाय धुणं सोडून देईल. आजार कमी झाले ते कशामुळे, हे आता आपल्याला थोडं कळलंय. नेमकं तेच लपवायचं?"

"म्हणजे तुमच्या गल्लीचा कोबा तुम्हीच घालवताय."

"हो," ताई म्हणाली. "तसंच दिसतंय."

सर वाईट नव्हते. त्यांनी तिचं ऐकलं. खरं तेच गेलं. संशोधकांनी शेवटच्या पानावर एक परिच्छेद लिहिला, की वाट पाहणाऱ्या गल्ल्यांतल्या बायकांनी आपणहून भुईची आणि मुलांची निगा वाढवली, त्यामुळे तुलनेतून कोब्याबद्दल काही सांगता येत नाही. पैसा देणाऱ्यांनी पहिलं पान तेवढं वाचलं. कोब्याचं काम बंद झालं. दारावरचं बाळ उतरवलं. मला शाळांच्या मोऱ्या बांधायला लावलं. दाढीवाला दुसरीकडे गेला. मालाच्या खोलीत कपाटं आली आणि शनिवारची बैठक मोडली.

आईला सांगायला ताई मला घेऊन गेली. तिला एकटीला जाववेना, असं ती म्हणाली नाही, पण मी ओळखलं.

मावशीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे पास झालो म्हणून नापास?"

"तसंच काहीसं."

"आणि मी पोरांकडे लक्ष दिलं नसतं, ती आजारी पडली असती, तर कोबा मिळाला असता?"

"बहुतेक हो, आई."

"मग राहू दे." ती लगेच म्हणाली. पेटीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पण मला हवा होता गं."

ताई म्हणाली, "आता कसली आडकाठी नाही. मी माझ्या पगारातून घालते तुझ्यापुरता. मिस्त्री येतील."

"आणि शेजारणीची भुई तिची सून सारवत असताना मी कोब्यावर पाय पसरू? सगळ्यांना मीच कामाला जुंपलं होतं. माझ्यामुळे गेला त्यांचा. आला तर सगळ्यांना, नाहीतर नको."

"आई, तुझे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत. तोंडही माझंच आहे, गल्लीत दाखवायचं."

यावर कुणाचं काही चाललं नाही.

वय झालं तसं मी काम सोडून घरी बसलो. ताई संस्थेत राहिली. ठिकठिकाणी अर्ज करत राहिली, प्रत्येक वेळी शेवटच्या पानासकट. उत्तरं यायची. कोब्याचं सिद्ध झालेलं नाही, असं विनयाने लिहिलेलं असायचं. मावशीचे गुडघे खरंच गेले, मग सुट्टीच्या दिवशी ताई जाऊन खोली सारवायची. तिला आईसारखं जमायचं नाही. मावशी दारात बसून बोट दाखवायची, "तो कोपरा राहिला."

मग एकदा कुणीतरी शेवटचं पान वाचलं. लांबून दोन बायका आल्या, दुसऱ्या कुठल्याशा संस्थेच्या. तो परिच्छेद त्यांनी खूण करून आणला होता. मावशीला शोधत आल्या, तेव्हा मीही तिथे होतो. तुम्ही नेमकं काय केलंत, बायकांना कसं तयार केलंत, आम्हाला शिकवा म्हणाल्या. त्यांच्याकडे कोब्याला पैसे नव्हतेच, त्यामुळे त्यांना हेच हवं होतं. मावशीने त्यांना माती मळायला बसवलं. दोघींच्या बांगड्या उतरवून घेतल्या. "हात असा नाही, भांडं घासल्यासारखं नाही. झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतो तसा." संध्याकाळपर्यंत त्या घामाघूम झाल्या, आणि फार खूश होऊन निघाल्या. ताई मला म्हणाली, "मिस्त्री, आत्तापर्यंत मी वाचलेलं कागदावरून घराकडे येताना बघितलं होतं. घराकडून कागदावर आणि तिथून दुसऱ्या घराकडे जाताना आज बघितलं."

निघताना त्या बायकांनी मावशीला विचारलं, "तुमच्यासाठी काही करू शकतो का आम्ही?"

"कोबा," मावशी म्हणाली.

त्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मावशी हसली. "गंमत केली. जा, उशीर होईल."

ती गंमत नव्हती. मला ते सहन झालं नाही. घरी आलो, माळ्यावरची थापी काढली. इतक्या वर्षांत मी तिला गंज चढू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ताईकडे गेलो आणि म्हणालो, "तुमच्या आईला एकटीला नको. सगळ्यांना हवा. गल्लीच्या तोंडाशी नळ आहे, तिथली जागा कुणाची?"

"सगळ्यांचीच."

"मग?"

ताईने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच 'कशावरून' विचारलं नाही.

गल्लीतल्या लोकांनी जमेल तसा माल आणला. तरुण बायका-पुरुषांनी खणलं, भर टाकली. चोपायचं काम मी कुणावर सोडलं नाही. हात पूर्वीसारखा चालत नव्हता, म्हणून जास्त वेळ चोपलं. घोटाईला बसलो तेव्हा मावशीला दोघींनी धरून आणून खुर्चीवर बसवलं. मी मागे सरकत होतो आणि ती बोट दाखवत होती. "मिस्त्री, तो कोपरा."

"दिसतोय मावशी."

"दिसतोय तर घोटा."

पाणी ताईने मारलं. कामावर जाताना आणि येताना, गोणपाट भिजवून. एकदाही चुकली नाही.

आता तिथे बायका नळाचं पाणी भरेपर्यंत बसतात. पोरं लोळतात. तडा नाही. मी अधूनमधून जातो. मागच्या खेपेला मावशी कोब्यावर एकटीच बसली होती. पाय पसरून. तिचा उजवा तळवा कोब्यावरून गोल गोल फिरत होता, सारवताना फिरतो तसा. तिला ते जाणवतही नव्हतं.

मला म्हणाली, "मिस्त्री, याला उद्या काय करावं लागेल?"

"काही नाही, मावशी."

"परवा?"

"परवाही नाही. झालंय ते."

ती कोब्याकडे बघत राहिली. हात फिरतच होता. समोर तिच्या खोलीचं दार उघडं होतं. आत ताई गुडघ्यांवर बसून भुई सारवत होती. ती आतून ओरडली, "आई, माती कमी पडतेय गं!"

"आले," मावशी म्हणाली. कोब्यावर हात रेटून, माझा खांदा धरून ती उठली. गल्लीतून सावकाश चालत गेली. उंबऱ्याशी थांबून तिने पाय धुतले आणि आत गेली.